वेळ घेऊन येणारी माणसं

नाशिक रोड
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

आम्ही तुमच्या वुर्झबर्गहून सुखरूप घरी पोचलो ते तुला कळलंच आहे. "बाबा, नक्की काय आवडलं ते सांगा ना," असं तू फोनवर विचारलंस आणि मी "छान आहे सगळं" म्हणून मोकळा झालो. फोनवर मला सुचत नाही, आणि सुचायला लागलं की तुझी आई फोन ओढून घेते. म्हणून लिहायला बसलो. लांबेल, सवडीने वाच.

इथे बिटको चौकापर्यंत गेलो तरी कुणी ना कुणी हटकतं, "काय, कसं वाटलं जर्मनी?" त्यांना ऐकायचं काय असतं तेही ठरलेलं: सगळं स्वच्छ, माणसं शिस्तीची आणि कोरडी. स्वच्छता आणि शिस्त मी कबूल करतो. रिकाम्या रस्त्यावर, रात्री, लाल दिव्यापाशी निमूट उभी असलेली माणसं मी पाहिली. नाशिकच्या द्वारका चौकात जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणाऱ्याला त्याचं काय वाटलं असेल ते वेगळं लिहीत नाही. अडतो मी ‘कोरडी’पाशी.

आधी माझ्या आवडीचं लिहून टाकतो. इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी काढलेल्या माणसाच्या हातात नोट आली की डोळ्यांआधी अंगठा चालतो. छपाईचा उठाव, कागदाचा कडकपणा, मग उजेडात धरून वॉटरमार्क. तुमच्या घराखालच्या बेकरीत मी वीस युरोची नोट अशी न्याहाळत राहिलो आणि मागे रांग लागली. गल्ल्यावरच्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला हिशेब समजत नाही. त्यांनी माझ्या तळहातावरची नाणी स्वतःच वेचून घेतली आणि नोट परत दिली. मला सांगायचं होतं की बाई, नंबराच्या आधी ‘आर’ आहे म्हणजे ही बर्लिनची, ‘डब्ल्यू’ असता तर लाइपझिगची. पण ते जर्मनमध्ये कोण सांगणार!

जावईबापूंना मात्र मी त्या नोटेवर पूर्ण पाठ दिला. युरोवरचे पूल खरे नाहीत. ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना या कलाकाराने ते मनाने काढले, म्हणजे अमक्याचा पूल आला नि तमक्याचा राहिला ही भानगड नको. पुढे नेदरलंड्समधल्या एका गावाने ते पूल खरोखर बांधूनही टाकले. आपण एका नोटेवर सतरा भाषा बसवल्या, त्यांनी कुणाचंच काही न घेता भांडण मिटवलं. दोन्ही पद्धती मला पटतात, पण छापायला आपली अवघड.

आणि गंमत बघ. इकडे कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा लोक मोबाइल पुढे करतात. यूपीआय 2016 साली आलं, आणि आता सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणंसुद्धा ऐकू येत नाहीत. तिकडे यंत्रांच्या देशात 2023 सालीही निम्म्याहून थोडे जास्तच व्यवहार रोखीने झाले. मी कारण विचारलं तेव्हा जावईबापू म्हणाले, आपण काय घेतलं, कुठे घेतलं हे दुसऱ्या कुणाला कळू नये असं लोकांना वाटतं. हेच लोक घराच्या बेलवर आडनाव लावतात आणि फ्लॅटला नंबर देत नाहीत! पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. या दोन गोष्टींचा मेळ मला शेवटपर्यंत लागला नाही.

तू मला कोएनिग उंड बाउअरच्या कारखान्यापाशी नेलंस, त्याचे आभार मानायचे राहिले. तुला तो एक जुना कारखाना. मला मात्र 1817 पासून छपाईची यंत्रं करणाऱ्या, नोटांचीही यंत्रं करणाऱ्या कंपनीचं ते ठिकाण म्हणजे तीर्थक्षेत्र. आपली नोट प्रेस 1928 ची, त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. मी फाटकापाशी उभा राहून नमस्कार केला तो तू पाहिलास आणि इकडेतिकडे बघायला लागलीस, ते माझ्या लक्षात आलं हो.

फाटकावरून आठवलं, ते फुलांचं शेत. गावाबाहेर रस्त्याला लागून सूर्यफुलं, ग्लॅडिओलस, डेलिया. पाटीवर दर, खांबाला साखळीने बांधलेली सुरी आणि एक लोखंडी पेटी. माणूस नाही. फुलं तुम्ही कापायची, पैसे तुम्ही मोजायचे, पेटीत टाकायचे. मी रोज झडती देऊन घरी येणारा माणूस. त्यात कमीपणा कधी वाटला नाही, नोटांच्या कारखान्यात ती हवीच. पण त्या पेटीसमोर मला काही सुचेना. तुझ्या आईने ग्लॅडिओलसच्या काड्या दोनदा मोजल्या, पैसे टाकले आणि वर एक युरो जास्तीचा टाकला. का, तर म्हणे, "कॅमेरा असेल कुठेतरी." तू हसलीस. मला वाटतं कॅमेरा असता तर तिने नेमके पैसे टाकले असते.

ट्रामचंही तेच. गेट नाही, कंडक्टर नाही, तिकीट काढून बसायचं. अर्थात सगळाच साधूपणा नाही. तपासनीस अचानक चढतो आणि बिनतिकीट सापडलं की 60 युरो दंड. हे बरं केलंय. बाटल्यांनाही त्यांनी पैसेच बांधलेत. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत, दुकानातल्या मशीनमध्ये परत टाकली की पावती. तुझ्या आईला त्याचा नाद लागला. मला लक्षात राहिलं ते दुसरंच. लोक रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे बाटल्या गोळा करून पोट भरणाऱ्याला डब्यात हात घालावा लागू नये. पैसे देत नाहीत, बोलत नाहीत, बघतही नाहीत. नुसती बाटली बाहेर ठेवतात.

रविवार मात्र माझ्या अंगावर आला. दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायलाही बंदी, कारण खळखळाट होतो. रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेत आहे हे ऐकून मी थक्क झालो. त्यांच्या आधीच्या, 1919 च्या वायमार घटनेतलं कलम 1949 च्या घटनेने तसंच घेतलं. आपल्याकडे रविवारी सकाळी मिसळीच्या दुकानाबाहेर नंबर लावायचा, शेजारी कुणाची तरी फरशी फुटत असते आणि कोपऱ्यावर भाऊंच्या वाढदिवसाचा डीजे. (वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवस जरी आधी दिल्या तर तिकडे अपशकुन समजतात म्हणे. आपले आठ दिवस आधी लागणारे फ्लेक्स त्यांना दाखवायला हवेत.) तुझ्या आईने त्या शांततेत मोहरीची फोडणी घातली आणि तू धावत जाऊन खिडक्या सताड उघडल्यास. तसं तिथे रोज खिडक्या उघडून घर वारं घ्यायला सोडतातच, अगदी थंडीतही. पण तुझ्या चेहऱ्यावरची काळजी वाऱ्याची नव्हती. मला ते थोडं लागलं. फोडणीच्या वासाची लाज वाटू देऊ नकोस.

आता त्या खालच्या आजीबाई.

त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं ते पेटीत चिठ्ठी टाकून, दीड आठवडा आधी, रविवारी तीन वाजता. तुझी आई दोन वाजताच साडी नेसून बसली. आपण खाली उतरलो तर तीनला काही मिनिटं कमी, म्हणून तू आम्हाला जिन्यात उभं केलंस. नाशिकमध्ये असं जिन्यात उभं राहिलो असतो तर चार घरांनी आत ओढलं असतं. बेल वाजवली, दार उघडलं, टेबल मांडलेलं. आलुबुखाराचा केक, फेटलेली साय, आजींच्या बागेतलीच फळं. ती बागही कायद्याने बांधलेली: शहराच्या कडेला भाड्याचा तुकडा, 400 चौरस मीटरपेक्षा मोठा नाही, आणि त्यात फळंभाज्या पिकवायच्याच.

केकचा पहिला तुकडा संपल्यावर आजींनी विचारलं, आणखी? तुझी आई सवयीने "नको नको" म्हणाली. झालं. आजींनी केक झाकून ठेवला. आईचा चेहरा तू पाहिलास ना? तिला तो केक मनापासून आवडला होता. आपल्याकडचं पहिलं ‘नको’ कुणी ऐकतच नाही, दुसरं ऐकू येतं, आणि तिसऱ्यापर्यंत ताटात पडलेलं असतं. तिकडे तुमचा शब्द खरा धरतात. घरी येऊन ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर लगेच मानायचं का?" मला विचारशील तर मानायलाच हवं. माझ्या मधुमेहाला तो देश चांगला आहे.

पण पुढे काय झालं ते आठव. आजींनी भिंतीवरचा एक जुना फोटो काढून आणला. मार्च 1945 मधलं वुर्झबर्ग, नुसत्या उभ्या भिंती, छपरं नाहीत. 16 मार्चच्या रात्री वीसेक मिनिटांच्या बॉम्बफेकीत जुनं शहर जळून गेलं, तेव्हा त्या लहान होत्या. तू मध्ये बसून सांगत होतीस आणि मध्येच तुझाच आवाज अडकत होता. त्या शांतपणे सांगत होत्या: आईने ओलं घोंगडं कसं पांघरलं, नदीकडे कसे पळाले. साडेपाच वाजून गेले होते. त्या अडीच तासांत त्यांचा फोन वाजला नाही, टीव्ही लागला नाही, कुणी डोकावलं नाही, घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आपल्या घरी पाहुणा आला की आपण दार सताड उघडतो हे खरं. पण पाहुणा बोलत असताना मी पेपर चाळतो, आई कुकरच्या शिट्ट्या मोजते, टीव्हीवर मालिका चालू. येणं-जाणं भरपूर, बसणं थोडं. त्या बाईंनी वेळ ठरवून दिली, आणि दिली ती सगळी दिली. तिला कोरडी कोण म्हणेल?

नंतर आईने न विचारता थालीपिठं नेऊन दिली तेव्हा त्या दारात गोंधळून उभ्या राहिल्या, हेही खरं. दुसऱ्या दिवशी पेटीत आभाराचं कार्ड, हाताने लिहिलेलं. दोन मजले वर पाठवायला कार्ड! आईने ते देवघरात ठेवलंय, गणपतीच्या मागे.

आता तुझ्याबद्दल. हल्ली तू फोन करण्याआधी मेसेज टाकतेस: "बाबा, सहाला वेळ आहे का?" मला सुरुवातीला राग आला होता. बापाला कसली वेळ विचारायची? राग आता नाही. विचार, हरकत नाही. पण सहाला फोन येतो आणि तुझ्या मागून कीबोर्डची टकटक ऐकू येते. "हं, हं, बोला बाबा," आणि बोटं चालूच. हे तिकडचंही नाही आणि इकडचंही नाही. त्यांचं घ्यायचं असेल तर पूर्ण घे. दहा मिनिटंच दे, पण लॅपटॉप मिटून दे. आणि ते जमणार नसेल तर आपली पद्धत काय वाईट आहे? भांडी घासताना लाव फोन, मी पेपर वाचत ऐकीन, कुणाची तक्रार नाही.

जावईबापूंना नमस्कार. आजींना माझ्यातर्फे विचार, आलुबुखार संपले का.

तुझा,
बाबा

ता. क. तुपाचा आग्रह आईजवळ धरू नकोस. बाहेरून दूधदुभत्याचं काही तिकडे नेऊ देत नाहीत, हे मी तिला तीन प्रकारे सांगितलं, ती म्हणते कणीदार तुपाला कोण अडवतंय. शेजारचा मुलगा पुढच्या महिन्यात फ्रँकफर्टला येतोय. त्याच्याबरोबर मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला देतो आहोत. बॅग मी स्वतः भरणार आहे, तेव्हा तूप त्यात नसेल. असलंच तर ते मला माहीत नाही.