१७ नंबरची कॅसेट रिकामी नव्हती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ४२ कॅसेट डिजिटल करताना झालेल्या चुका आणि काम पुन्हा करून देण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या वडिलांच्या ४२ ऑडिओ कॅसेट मी गेल्या महिन्यात तुमच्याकडे डिजिटल करायला दिल्या होत्या. कॅसेटमागे ३५० रुपयांप्रमाणे १४,७०० रुपये आगाऊ भरले, पावती सोबत जोडली आहे. कॅसेट आणि पेन ड्राइव्ह वेळेवर परत आले, पॅकिंगही नीट होतं. तक्रार आहे ती पेन ड्राइव्हमध्ये जे आलं त्याबद्दल, आणि त्याहून जास्त जे आलंच नाही त्याबद्दल.

सोबतच्या तुमच्या यादीत लिहिलंय, 'कॅसेट क्र. १७, बाजू ब : रिकामी. फाइल केलेली नाही.' मी फोन केला तेव्हा तिकडच्या मुलाने सांगितलं, "मॅडम, त्या बाजूला नुसती घूं घूं होती, गाणं काहीच नव्हतं."

ती घूं घूं म्हणजे माझ्या वडिलांचा तंबोरा आहे.

कॅसेटच्या डबीतल्या पट्टीवर अण्णांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, 'तंबोरा. काळी एक. पहाट.' काळी एक म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या सुराला मिळवलेला. इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघरी पोचला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. रियाजाला कुणी तंबोऱ्यावर बसायला नसेल तर काय करायचं, म्हणून त्यांनी स्वतःच एका पहाटे ९० मिनिटांच्या कॅसेटची एक अख्खी बाजू, ४५ मिनिटं, वाजवून भरून ठेवली. विसाव्या मिनिटाच्या आसपास ते थांबतात. सूर मिळवायचा मणी तारेवर सरकवल्याचा बारीक आवाज येतो, ते स्वतःशीच म्हणतात, "पंचम उतरला", आणि तार मिळवून पुन्हा सुरू करतात. शेवटाकडे दूधवाल्याच्या सायकलची घंटी आहे. अण्णांचा आवाज असलेली आमच्या घरात तेवढीच एक जागा आहे. ते गाणाऱ्यांचं ध्वनिमुद्रण करत राहिले, त्यांचं कुणीच केलं नाही.

अण्णा रेल्वेत पार्सल ऑफिसला होते. आम्ही मिरजेचे. थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले आणि इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. उरुसात त्यांच्या आठवणीसाठी गाणी होतात. अण्णांनी तिथली एकही रात्र चुकवल्याचं मला आठवत नाही. पहाटे घरी येऊन अंघोळ करून ते तसेच ड्यूटीवर जायचे. शनिवारी रात्री आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम लागला की टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवायचे आणि आम्हा भावंडांना ओठांवर बोट ठेवून बसायला लागायचं. स्वतः ते कधी मैफलीत गायले नाहीत. पण निवृत्तीनंतर तंबोरे बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत तासन्‌तास जाऊन बसायचे, भोपळा कसा निवडतात, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कशी घासतात ते बघत. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते ऐकायला अण्णा नव्हते याची मला फार हळहळ वाटली.

हे सगळं सांगते आहे, कारण दुसरी चूकही तंबोऱ्याचीच आहे आणि ती उरलेल्या जवळजवळ सगळ्या कॅसेटमध्ये झालेली आहे.

मी न मागता तुम्ही सगळ्या फाइलींवर आवाज स्वच्छ करण्याची प्रक्रिया केली आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्यात गाणं सुरू होण्याआधीचा थोडा भाग 'नुसता गोंगाट' म्हणून निवडतात आणि त्याच्यासारखा आवाज पूर्ण फाइलीतून वजा करतात. इंग्रजी भाषणाला ते चालत असेल. आपल्या गाण्यात मात्र गवयाने आ लावण्याआधी तंबोराच वाजत असतो, आणि तो सतत एकसारखा वाजतो. तुमच्या सॉफ्टवेअरने तोच गोंगाट धरला. त्यामुळे फाइलींमध्ये गवई एकटा, कोरड्या खोलीत उभा असल्यासारखा गातो. तान संपली की मागे काहीच नाही, मध्येच पाण्याखालून आल्यासारखी गुळगुळ होते. माझ्याकडच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर त्याच कॅसेट लावून मी ताडून पाहिलं. कॅसेटवर सरसर आहे, पण तंबोरा भरलेला आहे.

अण्णा मला लहानपणी तंबोऱ्याजवळ बसवून विचारायचे, "खर्जात गंधार ऐकू येतोय का?" जवारीचा, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामधला, दोरा नेमक्या जागी बसला, की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, तारेतून न वाजवलेला गंधार, सा रे ग मधला ग, उमटतो. मला तो ऐकू यायला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी ऐकू आला त्या दिवशी त्यांनी मला स्टेशनवरून बालुशाही आणली होती. तुमच्या फाइलींमध्ये तो गंधार नाही.

तिसरी बाब किरकोळ वाटेल. दोन गाण्यांमधली जागा शांतता समजून कापून टाकली आहे. तिथे अण्णांनी रेडिओवरच्या निवेदिकेने सांगितलेली रागाची नावं जपून ठेवली होती, तीही गेली. आता कुठला राग कुठे सुरू होतो ते शोधायला पुन्हा कॅसेटच लावावी लागते.

ज्या मुलाने काम केलं त्याच्यावर माझा राग नाही, कृपया त्याच्या पगारातून काही कापू नये. त्याला कुणी तंबोरा ऐकवलेला नसेल. पण आपल्या जाहिरातीत शास्त्रीय संगीताच्या संग्रहाचं नाव घेऊन काम मागता, तेव्हा ते ऐकणारं एक माणूस तरी कंपनीत असायला हवं.

माझी मागणी अशी. सर्व ४२ कॅसेट दोन्ही बाजूंनी, सुरुवातीपासून फीत संपेपर्यंत, काहीही न कापता आणि कुठलीही सफाई न करता, न दाबलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) वेव्ह फाइलींमध्ये विनामूल्य पुन्हा करून द्याव्यात. ने-आणीचा खर्च कंपनीने करावा. पहिल्या वेळी १७ ब ची जी काही कच्ची नोंद तुमच्या संगणकावर असेल ती पुसू नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण मला पैसे परत नको आहेत, काम हवं आहे.

अण्णांच्या येत्या वार्षिक श्राद्धाला आईला ती पहाट ऐकवायची आहे. तेव्हा १७ नंबर सर्वांत आधी घ्यावा. मशीनमध्ये घालण्यापूर्वी चक्रात पेन्सिल घालून फीत घट्ट करून घ्यावी, ब बाजूच्या शेवटी ती थोडी सैल आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, मिरज

सोबत : पावतीची प्रत, तुमच्या यादीची प्रत, कॅसेट क्र. १७ च्या पट्टीचा फोटो