चुकीचा मोडेम पाठवलात आणि महिनाभर माझ्याच वायरिंगला नावं ठेवताय

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ४जी मोडेम बोर्डाचा चुकीचा प्रकार पाठवल्याबद्दल, आणि तो परत घ्यायला नकार दिल्याबद्दल

नमस्कार,

मी कोल्हापूरहून लिहितोय. ऑर्डर नंबर, बिल, आत्तापर्यंतचे सगळे मेल आणि बोर्डाचे पाच फोटो सोबत जोडलेत. हे माझं सातवं पत्र आहे, आधीच्या सहाला तुमच्याकडून उत्तरं आली पण एकातही मी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर नाही, म्हणून आता पहिल्यापासून सगळं सांगतो, जरा पूर्ण वाचा ही विनंती.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. संध्याकाळी घरी आलो की आर्डिनो, ईएसपी३२ असले प्रोग्रॅम करायचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेऊन बसायची आवड आहे, चार-पाच वर्षं झाली. आमचं शेत प्रयाग चिखलीच्या बाजूला, नदीकाठाला. ऊस आहे आणि काठावर जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरीत, मोटर आहे. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की चेनपुली लावून मोटर वर काढावी लागते, नाहीतर ती पाण्यात जाते आणि मग रिवाइंडिंगचा खर्च बसतो. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात आमच्याकडं काय झालं ते मी वेगळं सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे इथं पोराटोराला पाठ असतं, पण बंधारा आमच्या खालच्या अंगाला आहे, आमच्या जॅकवेलच्या कुठल्या पायरीला पाणी लागलंय हे तिथं जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. माझे वडील रात्री बॅटरी घेऊन जातात. त्रेसष्ट वय आहे त्यांचं.

म्हणून मी ठरवलं की भिंतीला दोन उंचीवर दोन फ्लोट बसवायचे, टाकीत बसवतो तसले, खालचा उचलला गेला की मला आणि वडिलांना एक मेसेज, वरचा उचलला की दुसरा. यात अवघड असं काही नाही. घरच्या टाकीवर मी असंच केलंय, सिम८००एल नावाचा, सिम घालून मेसेज पाठवणारा जुना २जी मोड्यूल लावून, आणि तो दोन वर्षं बिनबोभाट चालतोय. पण काठावर फोनला धड रेंज मिळते ती फक्त जिओची, आणि जिओचं २जी नाहीच, ते सुरूच ४जीपासून झालं, म्हणजे जुना मोड्यूल तिथं लावून उपयोग शून्य. म्हणून तुमच्याकडून सिम७६०० चा ४जी बोर्ड मागवला, ४,२०० रुपये भरून. तुमच्या पानावर लिहिलं होतं की भारतातली सगळी सिम चालतात, आणि फोटोत जो मोड्यूल होता त्याच्या पत्र्यावर ई-एच हे प्रकाराचं नाव स्पष्ट दिसत होतं.

बोर्ड ३ जूनला आला. सिम घातलं, अँटेना लावली, चालू केलं. मग बोर्डाला एकेक कमांड देऊन विचारलं. सीपिन विचारलं तर रेडी आलं, म्हणजे सिम बोर्डाला दिसतंय. सीएसक्यू विचारलं तर ९९. ज्यांना माहिती आहे त्यांना कळेल, सीएसक्यूमध्ये ० ते ३१ हा सिग्नलचा जोर असतो आणि ९९ म्हणजे काहीच सापडत नाही. नेटवर्कला जोडला का हे विचारणाऱ्या सीरेगला उत्तर शून्य कॉमा दोन, म्हणजे अजून नेटवर्क शोधतोय. तासभर शोधतोय, रात्रभर शोधतोय. तेच सिम काढून फोनमध्ये घातलं तर लगेच चालू. ६ जूनला मी तुम्हाला पहिला मेल केला, म्हणजे तुमच्या सात दिवसांच्या परतीच्या मुदतीच्या आत, हे लक्षात ठेवा.

त्यावर तुमचं उत्तर आलं की पॉवर सप्लाय कमी पडतोय, दोन अँपियरचा वापरा आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मी लावला. आता हा सल्ला २जी मोड्यूलसाठी एकदम बरोबर आहे, ते मलाही ठाऊक आहे, कारण २जीवर मोड्यूल दर ४.६ मिलिसेकंदांनी अर्ध्या मिलिसेकंदापुरता जोरात करंट ओढतो, दोन अँपियरपर्यंत जातो, आणि वायर बारीक असली की व्होल्टेज खाली बसतं आणि मोड्यूल रिसेट होतो. घरच्या टाकीवाल्याला मी हेच भोगलंय आणि जाड वायर टाकून, जवळ कपॅसिटर लावून सोडवलंय. पण माझा हा बोर्ड रिसेट होतच नव्हता! तो शांतपणे प्रत्येक कमांडला उत्तर देत होता, फक्त नेटवर्क नाही म्हणत होता. मल्टिमीटर लावून बघितलं तर व्होल्टेज हलत पण नव्हतं. हे सगळं मी मेलमध्ये लिहिलं. तर पुढचं उत्तर आलं की सिम बदला. बदललं. मग अँटेना बाहेर काढा. गच्चीवर नेली. मग एपीएन टाका म्हणाला. अहो, ज्या बोर्डाला टॉवरच सापडत नाही त्याला एपीएनचा काय उपयोग, एपीएन म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचं नाव, ते लागतं टॉवर सापडल्यावर. तरी टाकलं. मग शेवटी तुमच्या माणसानं लिहिलं की तुमच्या भागात रेंज नसेल, गाव बदलून बघा. मी तो बोर्ड उद्यमनगरात वर्कशॉपवर नेला, तिथं फोनवर पूर्ण कांड्या, बोर्डावर ९९ च.

या सगळ्यात जून संपला. पाऊस लागला. माझा बोर्ड टेबलावर, आणि वडील रात्री काठावर. ७ जुलैच्या रात्री अडीचला आले ते गुडघ्यापर्यंत भिजून आले, खुणेच्या चुन्याच्या रेघेला पाणी लागायला दोन पायऱ्या राहिल्यात म्हणाले, आणि मग मला विचारलं, "काय रं, तुझं ते मशीन अजून बोलत नाही व्हय?" मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकतंय, दोन दिवसांत बघतो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, महिनाभर तुम्ही तेच सांगत होता ना. पुढच्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून मोटर वर काढली. मोटर वाचली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

१२ जुलैला मोबाईल रिपेअर करणारा माझा एक मित्र घरी आला होता. त्यानं बोर्ड हातात घेतला, उजेडात तिरका धरला आणि म्हणाला पत्र्यावर काय लिहिलंय वाच. मोड्यूलच्या चांदीसारख्या पत्र्यावर बारीक अक्षरं असतात, मी ती ओळ इतक्या वेळा बघितली होती पण शेवटची अक्षरं नीट वाचली नव्हती. तिथं ए-एच आहे. मग एटीआय ही मॉडेलचं नाव विचारायची कमांड दिली तर बोर्डानं स्वतःच तेच नाव सांगितलं. फोटो क्रमांक २ आणि ३ बघा.

ए-एच हा अमेरिकेसाठीचा प्रकार आहे. त्याचे ४जी बँड, म्हणजे ज्या लहरींच्या पट्ट्यांवर तो चालतो ते, २, ४ आणि १२. जिओ चालतं बँड ३, ५ आणि ४० वर. ई-एच मध्ये हे तिन्ही आहेत, ए-एच मध्ये एकही नाही, आणि भारतात कुठलीच कंपनी २, ४, १२ वर ४जी देत नाही. म्हणजे समजा रेडिओवर आकाशवाणी कोल्हापूर लावायचंय आणि रेडिओला तो पट्टाच नाही, मग अँटेना कितीही उंच करा. सप्लाय, सिम, एपीएन, गाव, काहीही बदललं असतं तरी हा बोर्ड इथं जन्मात लागला नसता. मोड्यूलमध्ये खोट नाही, जिथला आहे तिथं तो चांगलाच चालत असेल. तुम्ही तो इथं विकला, ई-एच चा फोटो लावून, ही तुमची चूक आहे.

हे सगळं फोटोसकट १३ जुलैला कळवलं तर तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं: परतीची मुदत संपली आहे, आणि सिम घातलेला बोर्ड परत घेतला जात नाही. सिम न घालता मोडेम तपासायचा कसा, हे कुणीतरी मला सांगा. आणि मुदत संपली ती तुमच्याच उत्तरांची वाट बघण्यात संपली, पहिला मेल तिसऱ्या दिवशी केला होता. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये लिहिलंय की जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. त्याच नियमांत असंही आहे की तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. तुमच्या वेबसाईटवर या अधिकाऱ्याचा पत्ता लई खाली एका कोपऱ्यात सापडला, म्हणून हे पत्र आता थेट तिकडं पाठवतोय.

मला काय पाहिजे ते स्पष्ट सांगतो. ई-एच प्रकारचा बोर्ड द्या, किंवा पूर्ण ४,२०० रुपये परत करा, आणि हा बोर्ड तुमच्या खर्चानं उचलून न्या. नुकसान भरपाई वगैरे मी मागत नाही.

पण दुसरी एक गोष्ट माझ्या दृष्टीनं पैशापेक्षा मोठी आहे. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची, पॉलिटेक्निकची पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तुमच्याकडूनच बोर्ड मागवतात, चार-पाच जणांत वर्गणी काढून. त्यांच्याकडं जुना चालणारा मोड्यूल नसतो तुलना करायला, पत्रा वाचून दाखवणारा मित्र नसतो. बोर्ड लागला नाही की त्यांना वाटणार आपला कोड चुकला, आपल्याला जमत नाही, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ती गप्प बसणार. मला स्वतःला महिनाभर तसं वाटलं आणि मी पाच वर्षं हे करतोय. म्हणून त्या पानावरचं "सगळी सिम चालतात" हे वाक्य काढा, तिथं मोड्यूलचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरांसकट लिहा, कुठल्या बँडवर चालतो ते लिहा, एका ओळीचं काम आहे. आणि मे-जूनमध्ये याच साठ्यातले बोर्ड अजून कुणाकुणाला गेलेत ते बघून त्यांना तुम्ही आपणहून कळवा, ते तक्रार करायची वाट बघू नका. तुमच्या मदत करणाऱ्या माणसालाही सांगा की सीएसक्यू ९९ आणि सिम रेडी असं कुणी लिहिलं तर सप्लायच्या आधी पत्र्याचा फोटो मागायचा.

या पत्राची पोच ४८ तासांत मिळावी. महिन्यात काही झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंदवून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाणार आहे, कागद सगळे तयार ठेवलेत. ई-एच बोर्ड लवकर पाठवलात तर अजून पावसाचे दिवस हातात आहेत, फ्लोट आणि पेटी मी काठावर बसवून ठेवलीय, फक्त मोडेमची जागा मोकळी आहे.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर

सोबत: बिल, ३ जूनची पोचपावती, आधीचे सहा मेल आणि उत्तरं, पाच फोटो