ज्यांनी मला सुतळीचं टोक दिलं, त्या काकांना

काका, सादर नमस्कार.

तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. हे पत्र मी तुमच्यासमोर बसून वाचून दाखवणारच आहे. तरीही आधी सगळ्यांसाठी लिहितोय, कारण माझं खोटंही सगळ्यांसमोरच बोलून झालं होतं.

कॉलेजचं दुसरं वर्ष, खो-खोच्या झोनलची फायनल. आदल्या रात्री मी एका गावच्या यात्रेत पैसे घेऊन, दुसऱ्याच्या नावावर खेळायला गेलो. सकाळी पोचलो तोवर पहिला डाव संपलेला. आम्ही हरलो. कुठं होतास म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून तिचं नाव निघालं. मुलींच्या संघातली ती. सराव झाला की आम्ही बेळगावातल्या बोगारवेशीपर्यंत चालत जायचो, त्यापलीकडे आमच्यात काही नव्हतं. मला ती आवडायची, आणि तिचंच नाव मी पुढं केलं. तिनं थांबवून घेतलं म्हणालो. संध्याकाळच्या आत ते वाक्य कंग्राळी गावात तिच्या घरी पोचलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं ग्राउंड बंद झालं.

आठवड्याभरात पैशाची गोष्ट फुटली. संघातून माझं नाव काढलं, ते बरोबरच झालं. पण ज्यांनी मला गाडीवर बसवून त्या सामन्याला नेलं आणि बक्षिसाचे पैसे वाटून घेतले, ते मला ओळख दाखवेनात. आणि ज्या मोठ्या माणसानं त्या पोरीच्या बाजूनं एक शब्द बोलायला हवा होता, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "मुली ग्राउंडवर आल्या की असंच होणार." खोटं मी बोललो होतो, काका. तो शब्द त्यांनी आजवर मागं घेतलेला नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चार महिने मी तिकडं फिरकलो नाही. मग जूनमधल्या एका सकाळी, रात्रभर पाऊस पडून गेलेला, मी कुंपणाच्या तारेबाहेर येऊन उभा राहिलो. का आलो ते आजही सांगता येणार नाही.

तुम्ही कोर्ट आखत होता. तांबड्या मातीवरच्या आदल्या दिवशीच्या रेघा धुऊन गेल्या होत्या. दोन खांबांमधली मधली पाटी, 30 सेंटीमीटर रुंदीची, सगळ्यात आधी तीच आखावी लागते, कारण बसायचे आठही चौकोन तिच्यावर येतात. सुतळीचं एक टोक तुम्ही विटेखाली दाबलेलं, दुसरं तुमच्या हातात. सुतळी ताणली की वीट सरकायची. तुम्ही परत तिथवर जायचा, वीट नीट ठेवायचा, परत यायचा. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मी बघत होतो.

मग तुम्ही मला बघितलंत. सगळं तुम्हाला ठाऊक होतं, ग्राउंडवर कुणाला ठाऊक नव्हतं? तुम्ही पायानं वीट बाजूला सारलीत, चिखलानं माखलेलं सुतळीचं टोक उचललंत आणि तारेतून माझ्यापुढं धरलंत.

"हिडी."

धर. कन्नडमधला तेवढाच एक शब्द. कुठं होतास नाही, का केलंस नाही, आता बरा सुधारलास काय, तेही नाही. चार महिन्यांत मला कुणी काही धरायला सांगितलं नव्हतं. मी तारेखालून आत आलो, टोक धरून खाली बसलो आणि तुम्ही फक्कीचा डबा घेऊन माझ्याकडं चालत आलात. माझे हात कापत होते. रेघ थोडी लहरली. तुम्ही ती तशीच ठेवलीत.

त्या पावसाळ्यात आपण किती वेळा ते कोर्ट आखलं असेल! बेळगावचा पाऊस, रात्री रेघ पुसून टाकायचा, सकाळी आपण परत मारायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी फक्की चाळता चाळता तुम्ही म्हणालात, "तम्मा, खोटं ज्या उंबऱ्यापर्यंत गेलंय, खरं बी तिथवर तूच न्यायचं." तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. मी त्याच संध्याकाळी कंग्राळीला गेलो. तिचे वडील म्हशीला वैरण घालत होते. मी सगळं सांगून संपवेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. "झालं बोलून?" "होय." "मग जा." पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि विचारायला नकोच होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांपुढं उभं राहून तेच परत सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात ती ग्राउंडवर आली.

खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागं फिरता येत नाही. आम्हाला ते पहिल्या दिवशी शिकवतात. मला त्या वर्षी ते कळलं.

ती माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. मीही बोलायला गेलो नाही. सकाळी लवकर येऊन रेघा मारायच्या आणि मुलींचा सराव सुरू व्हायच्या आत बाजूला व्हायचं, एवढंच. दसरा झाल्यावर एक दिवस ती खांबाजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मधली पाटी वाकडी आलीया." मी पुसली, परत मारली. ती तिथंच उभी राहून बघत होती. त्यानंतर काही दिवसांनी तुमचे गुडघे एकाएकी दुखायला लागले. तुम्ही चिंचेखाली जाऊन बसलात आणि तुमच्या हातातलं टोक तिला दिलंत. त्याच दुपारी त्याच गुडघ्यांनी तुम्हाला पाण्याच्या टाकीवर चढताना मी पाहिलंय, काका. तिनंही पाहिलंय.

शेवटच्या वर्षी मला संघात परत घेतलं, तेही राखीव म्हणून. तो किस्सा मोठा नाही.

आपल्या शहरात 1 नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडं मराठी माणसं काळा दिवस पाळतात. पाटी कुठल्या भाषेत हवी यावरून दगड पडलेले मी लहानपणापासून बघत आलोय. माझ्या घरातही या विषयावर आवाज चढतात, आणि मराठी शाळेसाठी, मराठी कागदासाठी भांडणाऱ्यांतला मीही एक आहे. पण मी पडलो तेव्हा माझ्या भाषेतली, माझ्या गल्लीतली माणसं दार लावून बसली होती आणि हात पुढं आला तो बैलहोंगलकडच्या एका कन्नड माणसाचा. हे मला उघडपणे लिहायचं होतं. तुम्हाला हाक मारतो तो 'काका' शब्दही दोन्ही भाषांत चालतो. अशी माणसं या सीमाभागात गल्लोगल्ली आहेत. शेजारच्या आजारी माणसाला डबा नेऊन देतात, परक्याच्या पोराला सायकल शिकवतात. त्यांची नावं कुठल्या मोर्चात घेतली जात नाहीत, पण गाव चालतं ते त्यांच्या जिवावर.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. फायनलला आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही नेपाळला हरवलं. आम्ही दोघांनी एकाच फोनवर ते सामने बघितले. मॅटवर रेघा आधीच छापलेल्या होत्या, सरळ, कधीही न पुसणाऱ्या. ती हळूच म्हणाली, "इथं काकांना काय काम असतं?"

ते बोलणं खरं होईल असं वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात पत्रिका घेऊन ग्राउंडवर आलो तर तुम्ही नव्हता. कंत्राट संपलं, काका गावी गेले, एवढंच कळलं. इतकी वर्षं राबलेल्या माणसाला शाल नाही, नारळ नाही. विचारलं तर म्हणे तुम्ही 'परमनंट' नव्हता. तुमच्या खोलीच्या दाराला कुलूप होतं. बाहेर खिळ्याला सुतळीचं बंडल तसंच लटकत होतं, फक्कीनं पांढरं झालेलं. ते मी घरी आणलंय. कुणाला विचारलं नाही.

लग्न कंग्राळीतच आहे, तिच्या दारात. तिचे वडील स्वतः म्हणालेत, त्या काकांना घेऊन ये. पुढच्या रविवारी आम्ही दोघं पत्रिका घेऊन तुमच्या गावी येतोय, तेव्हा हे वाचून दाखवीन. लग्नाला काकूंनाही आणायचं. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, तेव्हा खर्चाचं कारण सांगू नका. तुमचं तिकीट मी काढतो. स्टँडवर घ्यायला मी येतो.

तुमचा,
तम्मा