गाणं म्हणजे रक्तदाबाची गोळी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मेंदू आणि संगीतावरचा लेख वाचला. एकदा नाही, चारदा. एकदा माझा मी वाचला, आणि मग सकाळी साडेसातपासून तीन जणांनी मोबाइलवर पाठवला म्हणून तीनदा. धाकट्या दिरांनी तर पुण्याहून फोनच केला. "वहिनी, पेपरात आलंय. दादाला रोज वीस मिनिटं बासरी ऐकवा. मेंदू जागा होतो." मी विचारलं, "आणि एकविसाव्या मिनिटाला?" त्यांना राग आला. तुमच्या लेखात रक्तदाबाला एक राग, साखरेला दुसरा, झोपेला तिसरा, अशी चौकट छापली आहे. दिरांना आलेला कशावर चालतो, ते मात्र त्यात नाही.

लेखकमहाशयांनी मोझार्टचा दाखला दिला आहे, तोही अर्धाच. माझी नात फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिने उरलेला अर्धा मला काढून दिला. १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात ३६ कॉलेजच्या पोरांना दोन पियानोंसाठीचा मोझार्टचा एक सोनाटा दहा मिनिटं ऐकवला. त्यानंतर घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा जातीचे प्रश्न त्यांना जरा बरे सुटले. किती वेळ? दहा-पंधरा मिनिटं. त्यात बाळं नव्हती, बाळंतिणी नव्हत्या, म्हातारे तर नव्हतेच. तरी १९९८मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीताच्या सीडी वाटायला एक लाख पाच हजार डॉलर मागितले, आणि पुढच्याच वर्षी, ज्या 'नेचर'मध्ये तो प्रयोग आला होता त्यातच, इतरांनी तो पुन्हा तपासून फारसं हाती काही लागत नाही असं लिहिलं. माझ्या सुनेच्या वेळी कोणीतरी आणून दिलेल्या गर्भसंस्काराच्या सीडीवरही हा मोझार्ट होताच. नातू झाला, छान झाला, आता गणितात नापास होतो.

हे सगळं मी एरवी वाचून सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी आषाढात ह्यांच्या डाव्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळीच गेलं. चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवलेला माणूस. ओरडायला, भांडायला, बाजारात घासाघीस करायला पटाईत. आणि तोंडातून एकच अक्षर, 'ता'. हो म्हणायचं तरी ता, नको म्हणायचं तरी ता.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. नवव्या दिवशी पहाटे शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाने मोबाइलवर अभंग लावला होता. ध्रुवपद झालं आणि पहिल्या कडव्याला ह्यांनी आवाज दिला. शब्दांसकट. अख्खं कडवं, जोडाक्षरंसुद्धा स्वच्छ. मी तशीच धावत नर्सच्या टेबलाशी गेले. "सिस्टर, बोलले हो!" त्या म्हणाल्या, "मावशी, आधी तो मोबाइल बंद करायला सांगा, राउंड यायचाय."

राउंड आला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, नाव सांगा." ह्यांनी ओठ जुळवले, कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि 'ता'. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. 'घरी सगळं येतं हो त्याला' असं म्हणणाऱ्या आयांकडे मी शाळेत एकतीस वर्षं ज्या नजरेने पाहिलं, अगदी तीच नजर. "ते ऑटोमॅटिक असतं," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

त्यांचं चुकलं नव्हतं, हे मला आता कळतं. पाठ झालेलं गाणं निघतं, मनातलं वाक्य निघत नाही, हे या आजारात नेहमीचंच आहे. पण पुढे काय करायचं, हे कोणी सांगायचं? डिस्चार्जच्या कागदावर रक्त पातळ करण्याच्या गोळ्या होत्या, व्यायाम होते, मीठ कमी होतं. बोलण्याबद्दल एक ओळ नव्हती.

मग चार महिने मी काय केलं? तुमच्या लेखात लिहिलंय तेच. ऐकवलं. सकाळी अभंग, दुपारी नाट्यगीतं, रात्री पुन्हा अभंग. हे सुरेख साथ करायचे. आल्यागेल्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, "काकू, किती सुधारणा आहे!" आणि आलेला माणूस गेला की हे तांब्याकडे बोट दाखवायचे. मी चहा आणायचे, मग गोळी, मग उशी सरकवायचे, आणि शेवटी हे चिडून डाव्या हाताने ताट ढकलायचे. पाच कडव्यांचा अभंग म्हणणारा माणूस पाणी मागू शकत नव्हता, संपादकमहाशय.

पाचव्या महिन्यात नातीनेच एक वाचा-उपचार तज्ज्ञ शोधून काढल्या. त्या बाईंनी गाणं लावलंच नाही. ह्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला, एकेका अक्षराला टेबलावर एकेक थाप, आणि दोनच सुरांत, एक खालचा, एक वरचा: पा-णी-द्या. आधी नुसतं गुणगुणायचं. मग दोघांनी मिळून म्हणायचं. मग बाई हळूच गप्प व्हायच्या आणि ह्यांना एकटं पुढे जाऊ द्यायच्या. जमलं की सूर सपाट करत करत साध्या बोलण्यावर आणायचं. अमेरिकेत बोस्टनला १९७३च्या सुमाराला ही पद्धत बसवली म्हणे. २०११ साली डोक्यात गोळी लागलेल्या अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार बाई, गॅबी गिफर्ड्‌स, त्याही अशा गाण्याच्या वाटेने शब्दांपर्यंत परत आल्या. यात काम सूर करतो की ठेका, यावर जाणकारांत अजून जुंपलेली आहे. आमच्या बाई सुराच्या बाजूच्या. हे कुठल्या बाजूचे ते सांगायला नको.

सहा आठवड्यांनी एका दुपारी मी पोळ्या लाटत होते आणि बाहेरून ऐकू आलं, "पाणी द्या." शेहेचाळीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा अहोजाहो! बाईंनी शिकवलं तसंच म्हटलं बिचाऱ्यांनी. मी अजून दुरुस्त केलेलं नाही.

हे वीस मिनिटांत झालं नाही आणि ऐकून झालं नाही. घाम गाळून झालं. त्याच त्या तीन अक्षरांवर दीड तास बसलेला, मध्येच रडलेला, टेबलावर मूठ आपटून उठू पाहणारा माणूस मी पाहिला आहे. तुमच्या लेखातल्या चित्रात हेडफोन लावून डोळे मिटून हसणाऱ्या बाई आहेत.

ऐकण्याला मी सरसकट नावं ठेवत नाही. फिनलंडमध्ये अशाच साठ रुग्णांवर झालेलं काम २००८ साली छापून आलं आहे. एका गटाने दोन महिने रोज तासभर गाणी ऐकली, दुसऱ्याने पुस्तकांच्या ध्वनिफिती, तिसऱ्याने काहीच नाही. गाणी ऐकणाऱ्यांची शब्दांची आठवण आणि लक्ष लागणं, दोन्ही इतरांपेक्षा जास्त सुधारलं. हे लेखात यायला हवं होतं, आलं नाही. मात्र त्या लोकांनी आपापल्या आवडीची गाणी ऐकली होती, कोणाच्या दिराने पुण्याहून सुचवलेली नव्हे. ह्यांना बासरीचा मनापासून कंटाळा आहे. धडधाकट होते तेव्हाही बासरी लागली की उठून जायचे. आता उठता येत नाही, म्हणून का ऐकवायची?

आणि वाजवण्यावर तुम्ही तळाशी जेमतेम चार ओळी दिल्या आहेत. त्याच वाढवायच्या होत्या. व्हायोलिनसारखी वाद्यं वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूत इतरांपेक्षा जास्त जागा कामाला लागलेली दिसते, आणि जितक्या लहानपणी हात बसला तितकी जास्त, हे १९९५मध्येच दाखवून झालं आहे. ह्यांच्या डाव्या हाताने चाळीस वर्षं पखवाजाचा धुम, म्हणजे डावं तोंड, सांभाळला. त्याने मेंदूत किती खोल्या अडवल्या असतील देव जाणे. बाईंनी टेबलावर थाप द्यायला सांगितली तेव्हा तो हात आपसूक पुढे आला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. महिनाभरात ह्यांनी खुणेने कोपऱ्यातला पखवाज मागितला. उजवी शाई आता गप्पच असते, पण डावीकडे रोज संध्याकाळी बोल निघतो. मी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा जास्त मळते आणि डाव्या तोंडाला थापून देते. पूर्वी त्यांचं ते लावायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. आता मी लावलेली कणीक निम्मी काढून टाकतात आणि माझ्याकडे डॉक्टरांसारखं बघतात.

आमच्या शाळेत पेटी होती, तेव्हा तिने मेंदू तल्लख होतो वगैरे कोणाला ठाऊक नव्हतं. मी निवृत्त व्हायच्या चार वर्षं आधी संगीताचा तास शिष्यवृत्तीच्या सरावाला दिला, मेंदू तल्लख व्हावा म्हणून. पेटी कपाटावर गेली आणि उंदरांनी भात्याला भोक पाडलं. यावर तुमच्या पुरवणीत कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. असो, तो विषय वेगळा.

आता शेवटचं, आणि खरं तर यासाठीच पत्र लिहायला घेतलं. लेखाच्या वर चार कॉलमांत पखवाजवादकांचं छायाचित्र आहे. त्यात कणीक वादकाच्या उजव्या हाताखाली आहे. डावखुरे वादक असतात, मला माहीत आहे. पण मागच्या फलकावरची अक्षरंही आरशात बघितल्यासारखी उमटली आहेत. फोटो उलटा छापला आहे तुम्ही. संगीतावरच्या लेखात! मी तर चारदा वाचूनही पाहिलं नव्हतं. सोमवारी सकाळी ह्यांच्यापुढे पेपर धरला, तर हे बराच वेळ बघत राहिले, आणि मग डाव्या हाताने त्या फोटोवर तीन थापा मारून म्हणाले, "उ-ल-टं."

हा शब्द बाईंनी शिकवलेला नाही. त्यांच्या यादीत पाणी, औषध, दुखतंय, पंखा, नको, असे अकरा आहेत. मी त्यांना लगेच फोन केला.

तरी दुरुस्ती छापावी. नेहमीसारखी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापली तरी चालेल, आमच्या घरी भिंग आहे.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, वाई
(नाव छापू नये. दीर तुमचाच पेपर घेतात.)