टवका न मोजता समोरची काच बदलायला लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: दुरुस्त होण्याजोगा टवका न तपासता काच बदलण्याचा निर्णय घेतल्याबद्दल, आणि बदललेल्या काचेचं काम अर्धवट सोडल्याबद्दल.

महोदय,

गेल्या महिन्यात तुमच्या केंद्रात माझ्या गाडीची समोरची काच बदलली गेली. सकाळी साडेनऊला मी गाडी तुमच्या दारात उभी केली तेव्हा ती बदलायची गरज नव्हती. दुपारी अडीचला मात्र दुसरा इलाजच उरला नव्हता. या पाच तासांत तुमच्या आवारात जे घडलं त्याबद्दल ही तक्रार आहे. गाडीचा आणि जॉब कार्डाचा क्रमांक तुमच्या नोंदीत आहेच.

आदल्या दिवशी पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला आणि काचेवर आदळला. घरी आल्यावर नीट पाहिलं. चालकाच्या नव्हे, शेजारच्या सीटसमोर एक गोल टवका होता. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा आणि त्याच्याभोवती चंदेरी चकती. पट्टी लावून मोजली तर चकती १४ मिलिमीटर भरली. काचेची सगळ्यात जवळची कड तिथून ३० सेंटिमीटरवर होती. बाहेरून नख फिरवलं की खड्ड्यात अडकायचं. आतून बोट फिरवलं तर काच गुळगुळीत. चकतीतून एकही रेघ बाहेर निघालेली नव्हती. धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून मी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, पट्टीसकट फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमच्याकडे आले.

तुमच्याकडेच आले, कारण छोटा टवका अर्ध्या तासात दुरुस्त होतो, असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलेलं आहे. ते खोटं नाही. समोरची काच एकसंध नसते. दोन काचांच्या मधे पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या लवचीक प्लास्टिकचा पडदा असतो, जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. खडा लागला तो बाहेरच्या काचेला. आतली काच आणि पडदा शाबूत होते, बोटाला गुळगुळीत लागत होतं ते त्यामुळेच. चंदेरी दिसत होती ती चिरेत शिरलेली हवा. ती हवा ओढून काढायची, तिच्या जागी दाबाने पातळ रेझिन, म्हणजे घट्ट होणारं पारदर्शक रसायन, भरायचं आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करायचं, एवढंच काम. रेझिन प्रकाशाला जवळपास काचेइतकंच वाकवतं, त्यामुळे डाग फिका होतो. पूर्ण जात नाही, हे मला ठाऊक होतं आणि मान्यही होतं. तडा पुढे सरकू नये, एवढीच माझी अपेक्षा होती.

तुमच्या सल्लागारांनी काउंटरवरूनच, मधल्या दारातून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "टवका उडालाय ना? मग काच गेलीच समजा. बदलूनच टाका." मी म्हटलं, जरा जवळ येऊन बघा, मी मोजलाय. त्यावर उत्तर आलं, "मोजून काय करायचंय मॅडम, विम्यात बसतंय की." आणि माझ्यासमोर जॉब कार्डावर 'विंडशील्ड बदलणे' असं लिहिलं गेलं. गाडीपासून काउंटर जेमतेम वीस पावलांवर आहे. माझी पहिली तक्रार या वीस पावलांची आहे. ती चालून जाऊन कुणी खाली वाकून पाहिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी हटून बसले, तेव्हा "कारागिराला दाखवतो" एवढं कबूल झालं. मी प्रतीक्षा खोलीत थांबले. काचेतून बाहेरचं दिसत होतं. थोड्या वेळाने माझी गाडी धुण्याच्या जागेवर नेली गेली. एका मुलाने मी लावलेली चिकटपट्टी नखाने सोलून काढली आणि काचेवर जोराच्या पाण्याचा फवारा सोडला. मी धावत बाहेर गेले, पण तोवर फवारा टवक्यावरून दोनदा फिरला होता. त्याच्यावर साबणाचा फेसही होता. मुलगा घाबरला. म्हणाला, "ताई, आत घ्यायच्या आधी प्रत्येक गाडी धुवायची असं सांगितलंय." त्याने सांगितलेलं काम केलं. त्याला बोल लावू नका, ही विनंती मी इथेच करून ठेवते. पट्टी कशासाठी लावली होती हे त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं, आणि सांगायची जबाबदारी ज्याने जॉब कार्ड भरलं त्याची होती.

जवळ जाऊन पाहिलं तर चंदेरी चकतीचा अर्धा भाग काळपट झाला होता. तिथे पाणी शिरलं होतं. जिथे रेझिन जायला हवं तिथे आधी साबणाचं पाणी जाऊन बसलं, तर रेझिन काचेला नीट धरत नाही. तरीही तेव्हा वेळ गेलेली नव्हती. मुरलेला कारागीर टवका हळूहळू वाळवतो आणि मग रेझिन भरतो. मी ते सुचवलंही. "जेवणाची सुट्टी झाली की बघू," असं उत्तर मिळालं आणि गाडी उन्हात उभी राहिली. दोन तास.

दोन वाजता एक कर्मचारी गाडी आत घ्यायला आला. गाडीत बसला, उकडत होतं म्हणून एसी पूर्ण जोरात सोडला, आणि झोत काचेकडे वळलेला होता. मी दाराशीच उभी होते. बाहेरून तापलेली काच, आतून थंड वारा. टक् असा बारीक आवाज आला. टवक्याच्या उजव्या अंगाने केसासारखी एक रेघ निघाली, माझ्या डोळ्यांदेखत हातभर सरकली आणि कडेच्या काळ्या पट्ट्यात शिरली. दोन-तीन सेकंदांत सगळं झालं. सल्लागार तेव्हा कुठे काउंटर सोडून गाडीपाशी आले आणि म्हणाले, "बघा, मी म्हटलंच होतं, काच गेलीच होती."

नाही महोदय. काच गेलेली नव्हती. ती तुमच्या आवारात गेली. आणि ती जाताना पाहून "मी म्हटलंच होतं" असं ऐकावं लागणं, हे मला नुकसानीपेक्षा जास्त लागलं आहे.

तडा कडेपर्यंत गेल्यावर काच बदलायलाच हवी होती, त्याबद्दल माझा वाद नाही. कडेला काचेवर ताण जास्त असतो आणि तिथवर पोचलेला तडा थांबेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. टवका चालकाच्या अगदी नजरेसमोर असता, आरशामागच्या, रस्त्यावरच्या मार्गिका पाहणाऱ्या कॅमेऱ्यासमोर असता, किंवा आतल्या काचेलाही मार लागला असता, तरी मी दुरुस्तीचा आग्रह धरला नसता. नजरेसमोर दुरुस्तीचा फिका डागही रात्री समोरच्या दिव्यांनी चमकतो. मापाने ठरवायचं, ही पद्धत जगभर आहे. ब्रिटनमधल्या वाहन-तपासणीत स्टिअरिंगसमोरच्या २९० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा चालत नाही, आणि वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरपेक्षा मोठी. अमेरिकेत काच-दुरुस्तीचं जे मानक आहे, त्यात माझ्या काचेवर होता तसा गोल टवका २५ मिलिमीटर व्यासापर्यंत दुरुस्त करण्याजोगा धरला आहे. माझा १४ मिलिमीटरचा होता, नजरेच्या पट्ट्याबाहेर होता, कडेपासून लांब होता. कुठल्याही मापाने तो दुरुस्तीच्याच बाजूला पडत होता.

"काच नवी मिळतेय, मग तक्रार कशाची?" असं मला फोनवर विचारण्यात आलं. त्याचं उत्तर असं. कारखान्यात बसवलेली काच एकदा कापून काढली की तिला चौकटीला धरून ठेवणारी चिकट, म्हणजे गोंदाची पकड, पुन्हा तशी मिळते की नाही, हे पूर्णपणे बसवणाऱ्याच्या हातावर असतं. ही काच वारा अडवण्यापुरती नसते. गाडी उलटली तर छत तोलायला तिची मदत होते. शेजारच्या सीटची एअरबॅग फुगते ती बऱ्याच गाड्यांत आधी काचेवर आपटते आणि तिच्या आधाराने माणसाकडे वळते. काच जागची सुटली तर एअरबॅगला टेकायला काही राहत नाही. माझ्या गाडीत त्या सीटवर माझे वडील बसतात. त्यांचं वय ७८ आहे. म्हणून शाबूत असलेली मूळ चिकट मला विनाकारण कापायची नव्हती.

आणि कापल्यावर ती परत कशी जोडली गेली? काच बसवल्यावर पाऊण तासात किल्ली माझ्या हातात दिली. मी विचारलं, चिकट सुकायला किती वेळ लागतो? "काही होत नाही, बिनधास्त घेऊन जा." कोणतं युरेथेन, म्हणजे काच चिकटवायचा गोंद, वापरलं हे सांगता आलं नाही. प्रत्येक युरेथेनला गाडी सुरक्षितपणे चालवण्याआधी किती वेळ द्यायचा हे ते बनवणारा ठरवून देतो, आणि ती वेळ हवेतल्या उष्णतेवर आणि दमटपणावर अवलंबून असते. एखादं तासाभरात तयार होतं, एखाद्याला बरेच तास लागतात. कोणतं वापरलं हेच माहीत नसेल तर "बिनधास्त" हा शब्द कशाच्या जोरावर उच्चारला? दारं जोरात लावू नका, एक खिडकी जराशी उघडी ठेवा, काही दिवस गाडी फवाऱ्याने धुऊ नका, हे मला बाहेर गाडी काढताना तुमच्याच एका वयस्कर कारागिराने हळूच सांगितलं. त्यांचे आभार. ते सांगणं त्यांच्या भलेपणावर सोडायला नको होतं, किल्लीसोबत छापील कागद मिळायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सरळ रस्त्यावर, मी माझ्या पट्ट्यात मधोमध असताना गाडी मार्गिका सुटत असल्याचा इशारा देऊ लागली. स्टिअरिंगला हलका हिसका बसला. आरशामागचा कॅमेरा जुन्या काचेवरून काढून नव्या काचेवर लावला गेला, पण जुळवला गेला नाही. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की काच बदलल्यावर तो जुळवून घ्यावा. कॅमेऱ्याचा रोख एका अंशाने जरी हलला तरी ५० मीटर पुढे तो फरक जवळजवळ ९० सेंटिमीटर होतो. मी केंद्रात तीनदा फोन केला. दोनदा "आपोआप सेट होईल" आणि एकदा "ते फीचर बंद करून ठेवा" असं उत्तर मिळालं. याशिवाय उजव्या खांबाच्या मुळाशी पत्र्याचा रंग खरवडला गेलाय आणि त्यावर प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा लेप, दिसत नाही. तिथे गंज धरला की काचेची पकडही सैल होत जाणार.

माझ्या मागण्या अशा आहेत. कॅमेरा तुमच्या खर्चाने यंत्रावर जुळवून द्यावा आणि त्याचा लेखी अहवाल द्यावा. उजव्या बाजूची चिकट तुमच्या जाणत्या कारागिराकडून माझ्यासमोर तपासून घ्यावी, खरवडलेल्या पत्र्यावर प्रायमर लावावा, गरज पडल्यास काच पुन्हा बसवावी. वापरलेल्या युरेथेनचं नाव आणि गाडी चालवण्याआधी त्याला द्यायची वेळ लिहून द्यावी. काच बदलण्यापोटी माझ्याकडून घेतलेल्या रकमेतून टवका दुरुस्तीचा खर्च वजा करून उरलेली परत करावी, कारण मी दुरुस्तीसाठी आले होते आणि तिला नकार देण्याचं एकही कारण जॉब कार्डावर लिहिलेलं नाही.

आणखी एक मागणी आहे, तिचे पैसे लागत नाहीत आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. काचेच्या इजेसाठी आलेली कोणतीही गाडी तपासण्याआधी धुऊ नये आणि ग्राहकाने लावलेली पट्टी कारागिराशिवाय कुणी काढू नये. इजेचं माप, जागा, कडेपासूनचं अंतर आणि आतली काच शाबूत आहे की नाही, एवढं जॉब कार्डावर लिहावं. त्याखाली दुरुस्ती की बदल, आणि का, हे एका ओळीत लिहून ग्राहकाची सही घ्यावी. माझ्या सल्लागारांना हे चार रकाने भरावे लागले असते, तर त्यांना उठून गाडीपाशी यावंच लागलं असतं.

पट्टीसकट काढलेला आदल्या दिवशीचा फोटो, धुतल्यानंतरचा फोटो आणि तडा गेल्यानंतरचा फोटो पत्रासोबत जोडला आहे. तिन्हींवर वेळ आहे. तुमच्या आवारातल्या कॅमेऱ्यांचं त्या दिवशीचं चित्रण पुसलं जाऊ नये, ही विनंती.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. पैशांचा हिशोब नंतर झाला तरी चालेल, पण चिकट आणि कॅमेरा हे काम आधी करावं. तोवर मी वडिलांना मागच्या सीटवर बसवते आहे, आणि त्यांना तिथे गुडघे दुमडून बसताना फार त्रास होतो.

आपली,
एक ग्राहक