मुक्ताईस पत्र

चि. मुक्ताई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन आपटण्याआधी म्हणालीस, "मी व्हॅलीत राहते, तुम्ही लातुरात बसून मला तिचा भूगोल शिकवू नका." जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोलच शिकवला, आता दुसरं काय येणार? भूकंपाचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय, म्हणून इतर लिहितो.

नकाशावर तुझी सॅन फर्नांडो व्हॅली नीट पाहिली. दक्षिणेला सांता मोनिकाचे डोंगर, उत्तरेला सांता सुसाना आणि सॅन गॅब्रिएल, मध्ये परातीसारखी सपाटी. म्हणूनच तिथे उन्हाळा कोंडतो. व्हॅलीतल्याच वुडलंड हिल्सला २०२० च्या सप्टेंबरात ४९ अंश झालं होतं. तू म्हणत होतीस अमेरिका थंड! १९१३ साली ओवेन्स खोऱ्यातलं पाणी पावणेचारशे किलोमीटरवरून, पंप न लावता नुसत्या उतारावर आणलं, आणि त्या पाण्यापायी १९१५ साली व्हॅलीचा बहुतेक भाग लॉस एंजेलिस शहरात सामील झाला. आपल्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेही जवळपास तेवढ्याच लांबून. तिकडे ओवेन्सचा तलाव मात्र आटला, नुसती धूळ उरली. तेव्हा नळ सोडून दात घासू नकोस.

शेजारी साल्वादोरची बाई आहे, कोपऱ्यावर आर्मेनियन बेकरी आहे, हे ऐकून बरं वाटलं. कॅलाबाससच्या व्यंकटेशालाही जाऊन ये.

पण खोली गाड्यांच्या वर आहे म्हणालीस. मुक्ता, इमारत कोणत्या सालची?

किल्लारी ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. तुझ्या व्हॅलीतलं नॉर्थरिज १७ जानेवारी १९९४, पहाटे ४:३१. मध्ये चार महिनेसुद्धा नाहीत. दोन्हीकडे माणसं झोपेत, दोन्हीकडची भेग आधी कुणाला ठाऊक नव्हती. आपलं पठार तर पुस्तकात सगळ्यात सुरक्षित. तिकडचा धक्का ६.७ चा, आपला त्याहून कमी. तरी तिकडे साठेक गेले, आपल्याकडे दहा हजारांच्या आसपास. दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. आदल्या दिवशी विसर्जन, माणसं उशिरा निजलेली. भाऊसाहेब आणि मी पावसात सास्तूरला पोचलो तेव्हा आत्याच्या घराचं दार चौकटीसकट उभं होतं. कडी आतून लावलेली. बाकी घर नव्हतंच. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, तुला सांगून काय उपयोग.

नॉर्थरिजला रिसीडा बुलेव्हार्डवर तीन मजली इमारतीचा तळमजला चेपला आणि १६ जण गेले. गाड्यांसाठी मोकळी सोडलेली जागा, वरचं वजन बारीक खांबांवर. पुढे २०१५ साली शहराने कायदा केला की १९७८ आधीच्या अशा लाकडी इमारतींना मजबुती करायलाच हवी. खाली गाड्यांच्या तोंडाशी पोलादी चौकट बसवलेली दिसते का, तेवढं बघ. मालकाला विचारायला लाजू नकोस, भाडं देतेस.

बरं, पुरे. चिडू नकोस. त्याच नॉर्थरिजच्या विद्यापीठात माझी मुलगी शिकते, हे मी दूधवाल्यापासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. पिंटू म्हणतो, काका आता पेपरात छापून आणा. वाड्याच्या वाट्याचं तू मनावर घेऊ नकोस, ते मी आणि भाऊसाहेब बघू. फीची तारीख कळव.

पलंग खिडकीपासून लांब सरकव. खाली बूट आणि बॅटरी ठेव, काचा फुटल्या की अनवाणी धावता येत नाही. आणि साल विचारलंस की रात्र असली तरी कळव, मी जागाच असतो.

तुझे,
बाबा

ता. क. आई विचारते, काळा मसाला पोचला का कस्टमवाल्यांनी ठेवून घेतला? ठेवून घेतला असेल तर ती पुन्हा कुटायला बसणार आहे.