टाकीत एकटी उतरू नकोस

दिंडोरी, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. मांडीपर्यंत जांभळी झालेली पोर बघून आई हसत सुटली. मला मागची टाकी आणि शिडीच दिसत राहिली. ‘आत उतरून द्राक्षं तुडवतो’ असं सहज लिहिलंस. रस आंबताना सुटणारा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. एकटी उतरू नकोस. एवढंच, पुन्हा सांगणार नाही.

फ्रान्समधल्या तुझ्या त्या द्राक्षबागेबद्दल, क्लो द वूजोबद्दल लिहिलंस ते मी चारदा वाचलं. सितोच्या मठातल्या साधूंनी बाराव्या शतकापासून लावलेली बाग, भोवती दगडी भिंत, १५५१चा वाडा, आत अजून उभी असलेली ती अजस्र लाकडी दाबयंत्रं. फ्रेंच राज्यक्रांतीत सगळं सरकारजमा झालं, १८८९पासून तुकडे पडत गेले, आणि आज सव्वाशे एकरांत ऐंशीच्या आसपास मालक! भिंत मात्र एकच. इथे अडीच एकराच्या बांधावरून तात्या सहा वर्षं बोलत नाहीत. वरच्या अंगाची जमीन निचऱ्याची, खाली रस्त्याकडची भारी, पाणी धरणारी. तरी बाटलीवर नाव आणि दर्जा सगळ्यांचा एकच. आपल्याकडे व्यापारी असं ऐकून घेईल का?

तुझा मालक वाड्याबाहेर, गावातल्या तळघरात वाईन करतो म्हणालीस. त्या तळघराला खिडकी आहे का?

बापूकाकाची विहीर तुला आठवणार नाही, तू पोटात होतीस. गाळ काढायचा होता. आबांनी आधी कंदील सोडला, तो अर्ध्यावरच विझला. बापू म्हणाला, वाऱ्याने विझला असेल. विहिरीत कसला वारा? पण उतरला. त्याला काढायला मी निघालो तर आबांनी माझा सदरा धरला, तो पाठीवर फाटला. फाटका सदरा आईने अजून टाकलेला नाही.

असो. सणासुदीला हे काय लिहीत बसलो. तू शिकलेली आहेस, तिथे यंत्रं असतील, मी उगाच उपदेश करतोय. चिडू नकोस. परवा सोसायटीत सगळ्यांना सांगितलं, आमची मुक्ता नऊशे वर्षांच्या बागेत तोडणीला आहे. आजीला मात्र ‘द्राक्षाचा रस’ एवढंच सांगितलंय.

आपली छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धरतोय.

तू आत असताना शिडीपाशी कोण उभं असतं, त्याचं नाव कळव.

तुझे नाना